झाडाचा शेंडा आम्ही का उतरवत नाही: एका अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुम्ही दोन तारे दिलेत आणि त्यामागची कारणंही सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमच्या तक्रारी अशा: गाडी घरापर्यंत आणायला वळसे पडतात, पोहण्याचा तलाव मध्येच बंद असतो, संध्याकाळी दिवे मंद वाटतात, पायवाटांवर पालापाचोळा असतो आणि खिडकीसमोरचं झाड सांगूनही अर्ध्यावर कापलं जात नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, "झाडं तर आपोआप वाढतात, मग देखभालीचे पैसे जातात कुठे?" या वसाहतीची देखभाल माझी कंपनी करते, त्यामुळे याचं उत्तर द्यायची जबाबदारी माझीच.

आधी रस्ते. तुमच्या गल्लीचं बंद टोक उघडावं, असं तुम्ही सुचवलंय. तसं केलं तर तुमची दोन मिनिटं वाचतील, हे खरं. पण तोच रस्ता बाहेरच्या गाड्यांनाही जवळचा पडेल आणि दिवसभर तुमच्या दारावरून वर्दळ चालू राहील. बंद गल्ल्या आणि चालणाऱ्यांसाठी आतल्या बाजूने वेगळ्या वाटा ही मांडणी जुनी आहे. क्लॅरन्स स्टाइन आणि हेन्री राइट या अमेरिकी नगररचनाकारांनी 1929 मध्ये न्यू जर्सीतल्या रॅडबर्नला ती करून दाखवली. मोटारी वाढल्या तरी मुलांना रस्ता न ओलांडता बागेत जाता यावं, हा त्यामागचा हेतू होता. सरळ मोकळा रस्ता मिळाला की वेग वाढतोच. ताशी 30 चा वेग 50 वर गेला, तर धडकेतली ऊर्जा जवळपास पावणेतीन पट होते. म्हणून टोक बंदच राहील. पायी आणि सायकलने जायची वाट तिथून सरळ आहेच.

तलावाचं थोडक्यात सांगतो. पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, 7.2 ते 7.8 च्या बाहेर गेला किंवा क्लोरीन कमी भरलं, की पाणी पुन्हा जागेवर येईपर्यंत आम्ही तलाव उघडत नाही. पीएच चढला की तेवढंच क्लोरीन जंतूंवर कमी चालतं. आजूबाजूला झाडं असल्याने पानं आणि परागकण पाण्यात पडतात, तेही क्लोरीन खातात. गडगडाट ऐकू आला तर सगळ्यांना बाहेर काढतो आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबतो. यात कोणासाठीही सूट नाही. तुम्ही लिहिलेला उग्र वास मात्र क्लोरीन जास्त झाल्याचा नसतो. घाम आणि लघवीशी संयोग होऊन क्लोरीनची जी संयुगं बनतात, त्यांचा तो वास. त्यावर उपाय एकच, पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाने अंघोळ करणं. तसा फलक तिथे लावलेला आहे, तो सगळ्यांनी पाळावा ही विनंती.

दिव्यांबाबत तुमचं म्हणणं मी नीट वाचलं. उंच खांबांवरचे पांढरे झगझगीत दिवे असते, तर उजेड झाडांच्या माथ्यावर पडला असता आणि पायवाट सावलीतच राहिली असती. शिवाय दिवा डोळ्यांत गेला की त्याच्या पलीकडचं काहीच दिसत नाही. म्हणून खांब फांद्यांच्या खालच्या उंचीचे आहेत, दिवे 3000 केल्विनचे म्हणजे पिवळसर आहेत आणि झाकणांमुळे उजेड जमिनीवरच पडतो. तरीही एखादा टप्पा अंधारा वाटला तर खांबावरचा क्रमांक कळवा. बहुतेक वेळा एखादी फांदी दिव्यासमोर आलेली असते आणि ती लगेच काढता येते.

पाचोळा पायवाटेवरून रोज पहाटे झाडला जातो. ओली पानं निसरडी असतात, त्यामुळे पावसाच्या दिवसांत उताराच्या वाटा यापुढे दुपारीही झाडल्या जातील. झाडांखालचा पाचोळा मात्र आम्ही मुद्दाम ठेवतो. त्याने ओल टिकते, माती तापत नाही आणि कुजून तो मातीतच जातो. फक्त बुंध्याला टेकवून ढीग करू देत नाही, कारण तिथे ओल साचली की साल कुजते. उरलेला पाचोळा हिरवळीच्या कापलेल्या गवतात मिसळून खतासाठी रचतो. नुसती सुकी पानं वर्ष वर्ष तशीच पडून राहतात, पण ओलं गवत मिळालं की ढिगात हात घालवत नाही इतकी ऊब धरते.

आता झाड. हे मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण तुमच्या पैशांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे.

जंगलात झाड आपोआप वाढतं. इथे ते पाया, पाण्याची नळी, केबल आणि रस्ता यांच्या मधोमध वाढतं. मुळं खूप खोल जातात असं वाटतं, पण बहुतेक मुळं वरच्या 60 सेंटिमीटरच्या आतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. केबलसाठी चर खणला की तीच तुटतात आणि शेंडा वाळायला पुढची काही वर्षं लागतात, तोवर कारण कोणाच्या लक्षातही राहत नाही. म्हणून वसाहतीत कुठेही खणायचं असलं, तरी आमचा माणूस तिथे उभा असतो. पैसे जातात ते अशा कामात आणि फांद्यांवर चढणाऱ्या तरबेज माणसांच्या मजुरीत. वर्षाचा हिशेब कार्यालयात कोणत्याही रहिवाशाला बघता येतो.

झाड अर्ध्यावर छाटलं की ते लहान राहत नाही. कापलेल्या जागेभोवती डझनावारी फुटवे सरळ वर येतात. त्यांची पकड वरवरची असते आणि आतलं लाकूड कुजत जातं. काही वर्षांनी वाऱ्यात मोडतात ते हेच फुटवे, आणि तेही तुमच्या खिडकीच्या बाजूला. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड ती आतून कोंडून टाकतं, हे अमेरिकी वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडं चिरून दाखवलं. म्हणून फांदी जिथून फुटते, तिथला फुगीर कडा शाबूत ठेवून कापावं लागतं. आधी थोडं पुढे खालून अर्धवट काप, मग त्याच्याही पुढे वरून काप म्हणजे साल सोलत खाली येत नाही, आणि शेवटी उरलेला खुंट कड्याजवळ. त्यावर डांबर किंवा रंग फासत नाही, त्याने उपयोग होत नाही.

तुमच्या झाडाचा बुंधा आमच्या माणसांनी लाकडी हातोडीने ठोकून पाहिलाय. आवाज सगळीकडे भरीव आहे, झाड धडधाकट आहे. ते अर्धं होणार नाही, पण विरळ नक्की करता येईल. एका वेळी पाव हिश्श्यापेक्षा जास्त पालवी काढायची नाही, एवढी मर्यादा आम्ही पाळतो. नवी पालवी फुटण्याआधीच्या छाटणीत ते घेतलंय. कापायच्या फांद्यांवर आधी खुणा करतो. त्या दिवशी घरी थांबलात, तर खोलीतून तुम्ही दाखवा कुठली फांदी उजेड अडवते, आणि ती काढता येईल की नाही हे वर चढलेला माणूस तिथूनच सांगेल.