काडीची साडेसाती

ऑर्केस्ट्रात ड्रमर सगळ्यांच्या मागे बसतो. पुढे गायिका, तिच्या बाजूला निवेदक, मग बेंजोवाला, मग ऑक्टोपॅडवाला आणि सगळ्यांत शेवटी, जनरेटरच्या धुराचा पहिला मानकरी म्हणून मी. दिवसा भुसावळात नोकरी आणि लग्नसराईत संध्याकाळी ड्रम, असा माझा शिरस्ता. ठेका चुकला तर अख्खा मांडव वळून बघतो. बरोबर असला तर लग्नाच्या व्हिडिओत माझं डोकं सोडून सगळ्या झांजा दिसतात. मला याचं काही वाईट वाटत नव्हतं. वाईट आमच्या मालकांना, म्हणजे नानांना वाटलं.

"तू वाजवतो चांगलं रे भाऊ," नाना म्हणाले, "पण वाजवतोय असं दिसत नाही."

त्यांनी मोबाईल पुढे केला. कुठलातरी केसाळ परदेशी ड्रमर बोटांतून काड्या गरगर फिरवत होता, वर फेकत होता, न बघता झेलत होता आणि वर कॅमेऱ्याकडे बघून जीभही काढत होता. नाना म्हणाले, जिभेचं राहू दे, एवढं फिरवण्याचं जमव. पुढच्या सीझनला सुपारीत दोन हजार वाढवून मागतो. त्या दोन हजारांतले मला किती, हे बोलायच्या आत त्यांना कुणाचातरी फोन आला. नानांना असे फोन वेळेवर येतात.

कुठलीही गोष्ट शिकायच्या आधी तिचा इतिहास वाचायचा, म्हणजे शिकणं लांबणीवर पडतं, ही माझी जुनी सवय. त्यामुळे मला कळलं की हे खूळ नानांच्या मोबाईलइतकं नवं नाही. अमेरिकेत जॅझच्या काळात जीन क्रुपा नावाच्या ड्रमरनं मागच्या माणसाला पुढे आणलं. जानेवारी १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात तो असा काही वाजला, की लोक अजून त्या मैफलीबद्दल बोलतात. बडी रिच तर जेमतेम चालता-बोलता येत असल्यापासून रंगमंचावर ड्रम वाजवायचा. पुढे तो एका हातावरून दुसरा हात काढत इतका सफाईनं वाजवायचा, की कुठला हात कुणाचा ते कळू नये. आणि मॉट्ली क्रू या रॉक बँडचा टॉमी ली! १९८७ च्या दौऱ्यात या गृहस्थाचा अख्खा ड्रमसेट हवेत गोल फिरायचा, आत तो स्वतः पट्ट्यांनी बांधलेला, डोकं खाली, पाय वर, आणि वाजवणं चालूच. हे मी नानांना सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी आमचा छोटा हत्ती, म्हणजे सामानाचा टेम्पो, उलटा करून बघितला असता.

आपल्याकडे शिवमणी आहेत. ते पाण्याच्या बाटल्या, सूटकेस, बादल्या काहीही वाजवतात आणि लोक भान हरपून बघतात. मी घरी बादली वाजवली तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "भरून ठेवा, नळ जायची वेळ झाली."

मग काडी हातात घेतली. ड्रमच्या काड्यांचेही नंबर असतात. सर्रास वापरतात ती ५-ए. लांबी साधारण सोळा इंच, जाडी अर्ध्या इंचापेक्षा थोडी जास्त, लाकूड हिकरीचं. हिकरी हे अमेरिकेतलं झाड. आपल्या बाभळीचं त्याच्याशी नातं नाही, हे आमच्या गल्लीतल्या सुताराला पटवताना माझी एक संध्याकाळ गेली. त्यानं करून दिलेल्या बाभळीच्या जोडीनं ड्रम फुटला नाही, पण मनगटातून काहीतरी आवाज आला.

कृती ऐकायला सोपी आहे. काडी मागच्या टोकापासून साधारण एक-तृतीयांशावर, तिचा तोल सापडेल तिथे, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये धरायची. अंगठा सोडायचा. मधल्या बोटानं ढकलायचं, मनगट किंचित वळवायचं. काडी एक वळसा घेऊन परत अंगठ्याला येऊन टेकते. जाणते सांगतात, आधी पेन्सिलवर सराव करा, मग पलंगापाशी उभं राहून काडीवर, म्हणजे पडली तरी गादीवर पडेल. पेन्सिलचा सराव मी ऑफिसात केला. पेन्सिल साहेबांच्या चहात गेली, यावर जास्त बोलत नाही. आणि पलंगाचं म्हणाल, तर सांगणाऱ्याच्या पलंगावर सासरेबुवा झोपलेले नसावेत.

खरी ग्यानबाची मेख पुढे आहे. काडी फिरवायची ती ठेका न सोडता, आणि ठेक्यात मोकळी जागा सापडली तरच. साध्या चार मात्रांच्या ठेक्यात स्नेअरवरचा, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या ड्रमवरचा, टोला दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला पडतो. मिनिटाला एकशेवीसची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे दोन टोल्यांच्या मध्ये पूर्ण एक सेकंद. एक सेकंद म्हणजे काडीला भरपूर वेळ. पण हा सेकंद कुणाला मिळतो? डाव्या हाताला. उजवा हात तिकडे हाय-हॅटवर, म्हणजे पायानं मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवर, टिकटिक करत राबतोय, त्याला श्वास घ्यायला फुरसत नाही. आणि माझा डावा हात म्हणजे... त्यानं आजवर चहाचा कप सोडून काही उचललेलं नाही. ज्या हाताला अक्कल आहे त्याला वेळ नाही, ज्याला वेळ आहे त्याला अक्कल नाही. आमच्या ऑफिसात हीच व्यवस्था आहे, पण तिथे निदान कुणी काड्या फिरवायला लावत नाही.

घरात पंख्याचं पातं वाकल्यावर बायकोनं मला गच्चीवर पाठवलं. मे महिन्यात भुसावळच्या गच्चीवर दिवसा फक्त दोन गोष्टी असतात: पंचेचाळीस डिग्री आणि बिबडे. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो, ज्वारीचं पीठ आंबवून, शिजवून, त्यात तीळ-लसूण-मिरची घालून थापलेले हे मोठाले पापड. जुन्या साड्यांवर ओळीनं वाळत घालतात. शेजारच्या जिजींनी सकाळी सातच्या आत दोन साड्या भरल्या होत्या. मी कडेला, पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभा राहून डाव्या हाताला शहाणं करत होतो.

काडी ओल्या बिबड्यात आडवी पडत नाही. टोकावर उभी पडते, मधोमध नेमकं ड्रमच्या काडीच्या मापाचं भोक पाडते, मग सावकाश कलते आणि शेजारच्या दोन बिबड्यांना घेऊन झोपते. उचलली की तिच्या टोकाला तीळ आणि लसूण. मी आजूबाजूला बघून टोक चाटलं. मीठ बेतात होतं.

"काबरं रे भाऊ," जिन्यातून आवाज आला, "तुह्या ड्रमवर काय ऊन लागते का, म्हणून माह्या बिबड्यायवर वाजवतो?"

जिजींनी त्या दिवसापासून गच्चीवर राखणीला नातू बसवला. बिबड्यांसाठी पूर्वी कावळे हाकायला बसवायचे.

त्यात घामाचा प्रश्न. घामानं काडी निसटते. कुणी म्हणालं, कॅरमची पावडर लाव. कॅरमची पावडर सोंगटी घसरावी म्हणून असते, हे काडी खिडकीबाहेर गेल्यावर लक्षात आलं. मग इन्सुलेशन टेप गुंडाळली. आता काडी घट्ट बसली, इतकी घट्ट की फिरेना. जी पकड काडी पडू देत नाही ती फिरूही देत नाही. तिकडचे ड्रमर मेण लावतात, हातमोजे घालतात, बोटांपुरती टेप लावून तोलाची जागा मोकळी ठेवतात. तेही करून बघितलं. जमायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू. घरात, एकट्यानं, पंखा बंद असताना, डाव्या हातानं काडी एक वळसा घेऊन परत यायला लागली होती. मी नानांना फोन करून कळवलं. त्यांनी लगेच अमळनेरकडच्या एका वरातीची सुपारी घेतली.

वरात म्हणजे ड्रमसेट छोट्या हत्तीवर दोरीनं बांधलेला, त्यावर मी. पुढे नवरदेवाची घोडी, तिच्यापुढे नाचणारे, आणि त्यांच्या मधोमध गावचा ताशावाला. साठी ओलांडलेले आप्पा, डोक्याला फेटा, कमरेला ताशा. मी काड्या काढल्या, डावा हात सज्ज केला, आणि मोकळ्या सेकंदाची वाट बघू लागलो.

सेकंद आलाच नाही. वरातीच्या ठेक्यात सेकंद नसतोच! ताशा तडतडतो तो अखंड. दोन्ही काड्या सतत कातड्यावर, आणि त्याच्याबरोबर जायचं तर माझेही दोन्ही हात अडकलेले. एकदा जबरदस्तीनं फिरवायला गेलो तेव्हाच खड्डा आला. काडी गेली ती घोडीच्या शेपटीपाशी. घोडीनं सोसलं, नवरदेवानं नाही. जादा जोडी पायाशी होती म्हणून ठेका वाचला.

आणि तेव्हाच आप्पांचं ते बघितलं. नवरदेवाचा मामा नाचत नाचत आला, शंभराची नोट नवरदेवावरून ओवाळली आणि स्वतःच्या दातांत धरून ताशासमोर कंबरेत वाकला. आप्पांनी ताशा थांबवला नाही. दोन्ही हात तसेच तडतडत असताना गुडघ्यात बसले, मान तिरकी केली, आणि मामांच्या दातांतली नोट आपल्या दातांनी अलगद काढून घेतली. एक टोला इकडचा तिकडे झाला नाही. नोट तोंडात, वर उठताना एक गिरकी, आणि सगळ्या वरातीची शिट्टी. सगळे मोबाईल तिकडे. माझ्या मागे जनरेटर.

जेवणाच्या पंगतीत वरण-बट्टीवर तूप घेताना मी त्यांना विचारलं, हे शिकला कुठे?

"शिकाले कुठे जासू?" आप्पा बट्टी कुस्करत म्हणाले. "हात मोकया नहीत ना भाऊ. दात शेतस ना!"

मी माझ्या सरावाचं सांगितलं. त्यांनी माझा डावा हात घेऊन उलटसुलट बघितला, वांग्याची भाजी वाढणाऱ्याला थांबवलं, माझ्या ताटात वाढायला लावली आणि परत आपल्या बट्टीकडे वळले. मला वाटतं हाताबद्दलचं त्यांचं मत त्यात आलं.

त्याच सीझनच्या शेवटी पारोळ्याकडे आमची परत गाठ पडली. मी मुद्दाम गाडी पुढे घ्यायला लावली, नोटेचं ते काम जवळून बघायला. पण आप्पांच्या ताशाला आता नातवानं क्यूआर कोड चिकटवलेला. नाचत नाचत कुणाचेतरी काका आले, दातांत काही नाही, हातात मोबाईल. कोड काही स्कॅन होईना, कारण ताशा हलत होता.

"आप्पा, जरासं हळू वाजवा," काका ओरडले, "पिन टाकू द्या!"

आणि आप्पांनी, बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच, ताशाची लय तोडली. टक्... टक्... वरात जागच्या जागी डुलायला लागली. मोकळा सेकंद! एक नाही, ओळीनं कितीतरी. माझ्या डाव्या हातानं काडी सोडली. ती फिरली, परत आली, अंगठ्याला टेकली, टोला मात्रेवर. पुन्हा फिरली. वर फेकली, झेलली. खाली बघितलंसुद्धा नाही. मी जीभ काढायच्या बेतात होतो.

व्हिडिओवाल्यानं कॅमेरा काकांच्या मोबाईलवर लावला होता. घोडीवरून नवरदेव तिकडेच वाकून बघत होता. नाना गाडीतून उतरून काकांच्या खांद्यावरून डोकावत होते.

"गयात का पैसा?" आप्पांनी विचारलं.

काका म्हणाले, "चक्री फिरी ऱ्हायनी."