झोपेच्या गोळीने डोळ्याचा पडदा जळतो का?

“झोपेची गोळी रोज घेतल्याने डोळ्याचा पडदा जळतो, धूसर दिसणे ही त्याचीच सुरुवात आहे, म्हणून गोळी आजच बंद करा,” असा संदेश सध्या फिरतो आहे. त्यातली तीनही विधाने तपासून पाहावी लागतील.

पडदा जळण्याविषयी आधी. झोपेसाठी दिली जाणारी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही औषधे ‘गाबा’ या संदेशवाहक रसायनाचा परिणाम वाढवतात. गाबा मेंदूप्रमाणे दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या पडद्यातही असते, त्यामुळे या गोळ्यांचा पडद्याशी काडीचाही संबंध नाही असे मी म्हणणार नाही; पण नेहमीच्या मात्रेत त्यांनी पडद्याच्या पेशी मरतात, हे सिद्ध झालेले नाही. ही भीती बहुधा दुसऱ्याच औषधांवरून आली असावी. थायोरिडाझिन हे मनोविकारावरचे औषध दिवसाला ८०० मिलिग्रॅमहून अधिक घेतल्यास पडद्यावर रंगद्रव्याचे डाग पडून दृष्टी अधू होऊ शकते. मूळ कंपनीने ते २००५ मध्ये मागे घेतले. विगाबॅट्रिन हे आकडीवरचे औषध तर गाबाचे विघटनच रोखते, आणि त्याने दृष्टीचे क्षेत्र कडेकडून कायमचे आक्रसते, हे १९९७ पासून पुढे येत गेले. मधली नजर शाबूत राहत असल्याने असा रुग्ण वर्तमानपत्र सहज वाचतो, मात्र दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. म्हणूनच हे औषध घेणाऱ्यांच्या दृष्टिक्षेत्राची ठरावीक काळाने तपासणी करतात. या दोहोंपैकी एकही झोपेची गोळी नव्हे.

धूसर दिसण्याची तक्रार मात्र खरी आहे. सकाळी सुईत दोरा ओवताना एकाची दोन टोके दिसतात, कारण डोळे हलवणाऱ्या आणि जवळचे स्पष्ट दाखवणाऱ्या यंत्रणेला गोळीमुळे सुस्ती आलेली असते. औषधाचा अंमल ओसरला की हे सहसा जाते. वृद्धांमध्ये डायझेपाम ओसरायला काही दिवसही लागतात.

गंमत म्हणजे, खरी सावधगिरी या संदेशात नाहीच: अरुंद कोनाच्या काचबिंदूचा (डोळ्यातल्या द्रवाची बाहेर जाण्याची वाट अडून आतला दाब वाढतो, त्याचा) तीव्र झटका आलेला असताना डायझेपाम देऊ नये. डोळा लाल होऊन ठणकू लागला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसली आणि मळमळू लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

‘आजच बंद करा’ हा सल्ला तर सरळसरळ घातक आहे. महिनोन्महिने घेतलेली अशी गोळी एकाएकी सोडल्यास अस्वस्थता, हातापायांना कंप आणि प्रसंगी आकडीही येते, म्हणून डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने उतरवतात. संदेश वाचून ज्यांनी काल रात्रीपासून गोळी सोडली असेल, त्यांनी नेत्रतज्ज्ञांच्या आधी ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा.