‘मराठवाडी गप्पा’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. रायफलची काडतुसं हाताने भरताना पावडर (म्हणजे बंदुकीची दारू) कशी निवडावी, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. आपलं म्हणणं असं की बर्न रेटच्या (पावडर किती वेगाने जळते त्याच्या) तक्त्यावरून पावडर ठरवणं धोक्याचं, शिकारबंदीच्या देशात हा विषयच फिजूल, आणि ‘पावडरचा उन्हाशी संबंध जोडणं म्हणजे मराठवाडी गप्पा’.

पहिलं मान्य. तक्ता जलद-मंद असा क्रम सांगतो, मात्रा सांगत नाही. लेखात हे एकाच ओळीत होतं, आता ठळक केलंय. दुसऱ्यावर वेळ घालवत नाही. 1972 चा वन्यजीव कायदा मलाही माहीत आहे. इथे काडतुसं भरायला परवाना लागतो, हे लेखाच्या सुरुवातीलाच आहे आणि शिकारीचा सगळा भाग अमेरिकेतला आहे. वाचून लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

पण ‘मराठवाडी गप्पा’? मतभेद असू द्या, हा सूर कशासाठी?

मी परभणी जिल्ह्यातला. मे महिन्यात पत्र्याच्या घरात वाढलोय. पुढे नोकरीनिमित्त टेक्सासला राहिलो आणि तिथे .308 या मापाच्या रायफलची काडतुसं स्वतः भरली, टार्गेटसाठीही आणि हरणाच्या मोसमासाठीही. ऊन काय करतं हे मला कुणी ऐकवलेलं नाही, मी ते रायफलच्या बोल्टच्या (काडतूस आत कोंडणाऱ्या दांड्याच्या) मुठीवर अनुभवलंय.

पावडरचा दाणा मुळात नायट्रोसेल्युलोजचा. तो तापलेला असला की जास्त वेगाने जळतो आणि दाब चढतो. परभणीत काही हिवाळ्यांत पारा 5 अंशांखाली जातो, मे महिन्यात 43 च्या पुढे. थंडीत कमाल मात्रेच्या जवळ नेलेला लोड (ठरावीक मात्रेने भरलेलं काडतूस) कुरकुर न करता चालेल, पण तोच उन्हात तापलेल्या गाडीतून काढून झाडला तर बोल्ट जड उचलतो, प्राइमर (काडतुसाच्या बुडातली, पावडर पेटवणारी टोपी) चपटा होतो. ही दाब वाढल्याची खूण आहे, तिथे थांबायचं असतं. उलट उन्हाळ्यात बसवलेला लोड थंडीत वेग गमावतो. 300 यार्डांवर गोळी खाली लागते आणि शिकारीत जनावर नुसतं जखमी होऊन निघून जातं. याला गप्पा म्हणता?

म्हणूनच मी लिहिलं होतं की केसचं (काडतुसाच्या पितळी नळीचं) आकारमान आणि गोळीचं वजन बघून लोडिंग मॅन्युअलमधून दोन-तीन पावडरी काढा आणि शेवटची निवड हवामानावर करा. बॉल पावडर (गोल दाण्यांची) मापातून सरसर आणि सारखी पडते, म्हणून ती सगळ्यांना आवडते, मलाही. पण नायट्रोग्लिसरीन असलेल्या बऱ्याच बॉल पावडरी उष्णतेला जास्त हळव्या असतात. .308 ला मी व्हारगेट या लांबट दाण्यांच्या पावडरवर टिकलो ते याचसाठी. ती मोजताना दाणे अडकतात, वैताग येतो, तरी ऋतू बदलला म्हणून वेग फारसा हलत नाही. मात्रा मात्र मॅन्युअलमधल्या सर्वांत कमी आकड्यापासूनच चढवायची. आणि एच-4350 व आयएमआर-4350 यांचा आकडा एक असला तरी त्या दोन वेगळ्या पावडरी आहेत, एकीची मात्रा दुसरीला कधीच लावू नका.

आपण कोणती पावडर वापरता, ते प्रतिक्रियेत कुठेच नाही. एकाच लोडचे जानेवारीतले आणि मे महिन्यातले क्रोनोग्राफचे (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे इथे टाका, मी माझेही टाकतो. आणि पुन्हा लिहाल तेव्हा माझ्या गावाला मध्ये आणू नका.