आमवातात प्रतिकारशक्ती ‘वाढवायची’ नसते

माझी मावशी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, आयुष्यभर विड्या वळल्यात तिनं. गेल्या महिन्यात तिनं आमवाताची गोळी परस्पर बंद केली. तीन आठवड्यांत बोटं इतकी सुजली की पान कापायची कात्री धरवेना. कारण व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज: आमवात कमी प्रतिकारशक्तीमुळे होतो, डॉक्टर कॅन्सरचं औषध देऊन ती आणखी मारतात, म्हणून ती वाढवायला डाळी सोडा आणि पपईच्या एन्झाइमची पावडर २१ दिवस घ्या, ती रक्तात जाऊन सूज खाते. ‘अगं, एवढं शास्त्रीय लिहिलंय, खोटं कसं असेल?’ हे मावशीचं म्हणणं.

खोटं आहे, आणि पहिलं वाक्यच सगळ्यात घातक आहे. आमवातात प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडते. तिला आवरणाऱ्या पेशी असतात, हे जपानी शास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवलं. २००१ मध्ये मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी एका आजारी उंदरांच्या वाणात बिघडलेला जनुक शोधला, फॉक्सपी३. त्या वाणाचे नर जेमतेम काही आठवडे जगत, कारण त्यांच्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, त्यांचेच अवयव पोखरत. हा जनुक जे प्रोटीन बनवतो, त्याच्याशिवाय आवर घालणाऱ्या पेशी तयारच होत नाहीत. या कामाला २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. आमवातात हाच जनुक बिघडतो असं मी म्हणत नाही. पण लगाम सुटलेली प्रतिकारशक्ती काय करते, ते त्या उंदरांनी दाखवलंय. आणि मेसेज म्हणतो, ती वाढवा!

कॅन्सरचं औषध? हो, मावशीची गोळी, मेथोट्रेक्सेट, कॅन्सरमध्येही देतात, एवढं खरं. पण तिथले डोस बरेच मोठे असू शकतात, आमवातात आठवड्यातून एकदाच थोडे मिलिग्रॅम. यकृतावर परिणाम होऊ शकतो, म्हणून तर रक्त तपासायला सांगतात. ती तपासणी टाळू नका.

पावडरचं काय? एन्झाइम म्हणजे प्रोटीनच. पपईतलं पपेन मटण मऊ करतं, पण गिळल्यावर बहुतेक प्रोटीनांसारखं तेही पोटात पचायला लागतं. शाबूत राहून बोटाच्या सांध्यापर्यंत जायचं आणि तिथं फक्त सूज शोधून खायची, हे होत नाही. काही एन्झाइमच्या गोळ्या खऱ्या असतात, दूध न पचणाऱ्यांसाठी लॅक्टेज, पण त्यांचं काम आतड्यातच संपतं.

डाळी सोडायचं तर काही कारणच नाही. भाकरीबरोबर डाळ आणि शेंगाचटणी खा.

उद्या मावशीला तिच्या डॉक्टरांकडे नेतेय. कुणी अशीच गोळी सोडली असेल तर चुकलेल्या आठवड्यांच्या गोळ्या एकदम घेऊ नका आणि रोज तर मुळीच नको, त्यानं जीव जाऊ शकतो. आधी डॉक्टरांना विचारा.