दुर्बीण घातली, पण तुकडा घेतलाच नाही

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, काळजीचे काही कारण नाही" हे वाक्य यापुढे कोणी माझ्यासमोर उच्चारले, तर माझ्या तोंडून काय बाहेर पडेल याची हमी मी देऊ शकत नाही. माझ्या पत्नीचे वजन वर्षभरात नऊ किलोने उतरले आहे, लोहाच्या गोळ्या घेऊनही तिचे हिमोग्लोबिन आठाच्या वर सरकत नाही, चार घास पोटात गेले की अर्ध्या तासात पोट तट्ट फुगते, आणि पहाटे मुरडा येऊन ती उठली की मग उजाडेपर्यंत घरात कोणालाच झोप नसते. असे असताना ज्या कागदावर ‘नॉर्मल’ छापले आहे तो कागद खरा आणि समोर बसलेली बाई खोटी, असा व्यवहार आमच्याशी चालला आहे. मुळात सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत हेसुद्धा खरे नाही. हिमोग्लोबिन कमी आहे, फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कमी आहे; पण त्याबद्दल विचारले की "बायकांचे कमीच असते हो" हे ठरलेले उत्तर मिळते. गोळ्या नियमित घेऊनही लोह वाढत नसेल, तर एक तर शरीरातून कुठून तरी रक्त जात असते किंवा आतडे लोह शोषून घेत नसते, एवढी साधी गोष्ट माझ्यासारख्या बँकेत काम करणाऱ्या माणसाला वाचून कळते. मग पोटविकारतज्ज्ञ अशी पाटी लावून बसलेल्या माणसाला ती वेळेवर का आठवू नये?

आम्ही सोलापूरचे. इथे काही निष्पन्न झाले नाही म्हणून पुण्याला जायला लागलो. आजारी माणसाला घेऊन पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस गाठायची, दवाखान्यात नंबर लावायचा, आणि दुपार टळून गेल्यावर आत बोलावणे येते ना येते तोच बॅगा घेतलेले तीन-चार औषध कंपन्यांचे प्रतिनिधी आपल्याआधी आत सोडले जातात. त्यांच्यासाठी वेळ असतो. आमच्यासाठी जो काही वेळ उरतो त्यात डॉक्टर फाईल उलटसुलट चाळतात आणि प्रश्न विचारतात तो मला : "मिसेसना घरात काही टेन्शन आहे का?" मिसेस शेजारच्याच खुर्चीत बसलेल्या असतात. त्या शाळेत गणित शिकवतात, त्यांना बोलता येते, आणि पोट त्यांचे आहे. तिला दिवसातून किती वेळा शौचास जावे लागते हे मला विचारणाऱ्या डॉक्टरांनी एकदाही तिच्याकडे मान वळवली नाही. बाहेर आल्यावर तिने मला एवढेच विचारले, "मी तिथे होते ना?" ताणाने पोट बिघडते हे मलाही मान्य आहे आणि इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्यात दोष दिसत नसतानाही पोट सतत बिघडणे, हा खराखुरा आजार आहे हेही मान्य आहे; पण वजन उतरणे, रक्त कमी होणे आणि रात्री झोपेतून उठून शौचास जावे लागणे ही त्या आजाराची लक्षणे नव्हेत, उलट दुसरे काही शोधा असे सांगणाऱ्या त्या खुणा आहेत. त्या खुणा पाहूनही "टेन्शन घेऊ नका" असे सांगून पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवणे याला निदान म्हणत नाहीत.

आता ज्या गोष्टीने माझे डोके खरोखर फिरले ती सांगतो. सुरुवातीलाच तिची एंडोस्कोपी झाली. उपाशी पोटी नेले, घशात बधिर करणारा फवारा मारला, दुर्बीण घातली, बाहेर काढली आणि चार रंगीत फोटो चिकटवलेला कागद हातात दिला. त्यावर लिहिले होते की जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग दिसायला व्यवस्थित आहे. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी तो कागद पाहिला आणि विचारले, "बायॉप्सी कुठे आहे?" बायॉप्सी, म्हणजे तपासणीसाठी आतड्याचा बारीक तुकडा, घेतलेलीच नव्हती. गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या सीलिॲक आजारात आतड्याच्या आतल्या अस्तरावरचे बारीक अंकुर झिजतात, आणि ती झीज पुष्कळदा दुर्बिणीतून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ड्युओडेनम, म्हणजे जठराला लागून असलेला लहान आतड्याचा भाग, त्याच्या दुसऱ्या भागातून किमान चार आणि त्याच्या सुरुवातीच्या भागातून एक-दोन बारीक तुकडे घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. दुर्बीण आत होती, चिमटा हाताशी होता, आणखी पाच-दहा मिनिटांचे काम होते. ते केले नाही, कारण "दिसायला नॉर्मल होते". त्याच वेळी जठरात व्रण करणाऱ्या हेलिकोबॅक्टर जंतूची तपासणी केली आणि तीही निगेटिव्ह आली. पण पित्ताची जी गोळी ती महिनोन् महिने सकाळी उपाशी पोटी घेत होती, ती निदान दोन आठवडे आधी बंद ठेवली नाही तर ही तपासणी फसवू शकते, हे कोणी सांगितले नव्हते. गोळीही त्यांचीच आणि तपासणीही त्यांचीच. आपणच लिहून दिलेली गोळी आपल्याच तपासणीच्या आड येते आहे, हे एका छताखाली बसलेल्या दोन टेबलांनी एकमेकांना सांगायचे नाही, तर ते सांगायचे कोणी?

याहून मोठा घोळ गव्हाचा झाला. त्याच दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञांनी "गहू बंद करून बघा, बरे वाटेल" असे सांगितले. सोलापुरात गहू सोडणे म्हणजे काही मोठा त्याग नव्हे. मंगळवेढ्याची ज्वारी २०१६ पासून भौगोलिक मानांकन मिरवते आहे, आमच्या घरात कडक भाकरी बाराही महिने डब्यात असते, त्यामुळे पोळी, शिरा, बिस्किटे आणि ब्रेड दुसऱ्या दिवसापासून बंद झाले. तिला थोडे बरेही वाटले. मग काही महिन्यांनी सीलिॲकसाठीची रक्ततपासणी, म्हणजे या आजारात रक्तात वाढणारी प्रतिद्रव्ये मोजणारी टीटीजी-आयजीए, करायला सांगितली गेली आणि ती निगेटिव्ह आली. "बघा, हाही नाही," असे म्हणून त्यावर रेघ ओढली गेली. गहू पोटात जातच नसेल तर त्याच्यामुळे तयार होणारी ती प्रतिद्रव्ये हळूहळू कमी होतात आणि तपासणीला काही अर्थ उरत नाही, ती करायची तर आधी किमान सहा आठवडे रोज गहू खावा लागतो, शिवाय सोबत एकूण आयजीए, म्हणजे ही प्रतिद्रव्ये ज्या प्रकारची असतात त्या प्रकाराचे एकूण प्रमाण, हेही मोजावे लागते, कारण काही माणसांच्या शरीरात ते मुळातच कमी असते आणि मग रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येतो : यातले एक अक्षर आम्हाला आधी कळले नाही. एका डॉक्टरांनी तर "हा उत्तरेकडच्या लोकांचा आजार, आपल्याकडे नसतो," असे सांगून विषयच मिटवला. उत्तर भारतात तो जास्त आढळतो हे खरे आहे, पण जास्त आढळणे आणि इथे नसणे यातला फरक माझ्या पत्नीच्या सातवीतल्या मुलांनाही समजतो. परिणाम असा की, ज्या गव्हाने त्रास होतो असा संशय आहे तोच गहू आता तिला निव्वळ तपासणीसाठी पुन्हा खावा लागतो आहे. रोज सकाळी ती दोन पोळ्या औषधासारख्या गिळते आणि अकराच्या तासाला वर्ग सोडून बाहेर धावते.

कोलोनोस्कोपीची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीची, तयारी ज्यांनी घरी केली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर दोन लिटर पाण्यात कालवायची आणि दर पंधरा मिनिटांनी एक पेला घ्यायचा. लिंबाचा वास मारलेले ते खारट, किंचित बुळबुळीत पाणी तिसऱ्या पेल्यानंतर उलटून पडायला लागते, आणि मग आतडे पाण्यासारखे स्वच्छ होईपर्यंत संडासाचे दार सोडता येत नाही. सूचनांच्या कागदावर काय खावे आणि काय खाऊ नये हे होते. घरात एकच संडास आहे, घरात ऐंशी वर्षांची गुडघे दुखणारी आई आहे, आणि आमच्या भागात नळाला चार दिवसांआड पाणी येते, याचा विचार त्या कागदात कुठून असणार? पाण्याचा दिवस आणि तपासणीचा दिवस जुळावा म्हणून तारीख दोन दिवस पुढे मागितली, तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "सर, तुमच्या पाण्याप्रमाणे डॉक्टरांचे शेड्यूल लागत नाही." शेवटी टँकर मागवला. पत्नी आत, आई बाहेर काठी टेकून उभी, मी बादल्या भरतो आहे, आणि फोनवर माझी मोठी बहीण सांगते आहे की बेंबी सरकली असेल, एकदा चोळून घ्या. जिऱ्याचे पाणी, हिंगाचे ताक, कुणाची तरी नजर, पूर्वजन्मीचे देणे, सगळे ऐकून झाले. नातेवाइकांवर मी फारसा रागावत नाही, कारण त्यांनी निदान फी घेतली नाही.

सीटी एन्टेरोग्राफीच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सीटी स्कॅनच्या, वेळी तासाभरात दीड लिटर मॅनिटॉलचे पाणी पाजले. त्याने नंतर कितीतरी वेळ जुलाब होतात हे आधी सांगितले असते तर त्याच संध्याकाळच्या गाडीची तिकिटे आम्ही काढली नसती. रिपोर्ट आला तो असा, की लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाची भिंत किंचित जाड वाटते, आणि त्याखाली ते अजरामर वाक्य : ‘प्लीज कोरिलेट क्लिनिकली’, म्हणजे रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहा. म्हणजे फोटो काढणारा म्हणतो की तपासणाऱ्याने ठरवावे, तपासणारा म्हणतो की रिपोर्टमध्ये ठोस काही नाही, आणि कोरिलेट करणारा माणूस या दोघांच्या मध्ये कुठेच बसलेला नाही. तो माणूस म्हणजे मी. प्लास्टिकच्या पिशवीत तारीखवार लावलेले कागद, त्यावर माझ्या हाताने लिहिलेली औषधांची यादी आणि मोबाईलमध्ये शौचाच्या नोंदी, असा हा कोरिलेशन विभाग.

एक डॉक्टर मात्र माणसासारखे बोलले, तेही सांगायला हवे. त्यांनी कागदाच्या मागच्या बाजूला आतड्याचे चित्र काढून तिला, मला नव्हे, समजावले की आपल्या देशात आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणणारा दीर्घ आजार, हे दोन आजार एकमेकांसारखे दिसतात, बायॉप्सीतही कधी कधी फरक कळत नाही, आणि उपचार मात्र उलट टोकाचे आहेत. क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले आणि आत क्षयाचे जंतू असले तर ते उसळतात. म्हणून कधी कधी क्षयाची औषधे दोन-तीन महिने देऊन पुन्हा दुर्बिणीने पाहावे लागते, पण तुमच्या बाबतीत आधी सीलिॲकचा प्रश्न नीट सोडवू, असे ते म्हणाले. "आज मला माहीत नाही" असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि त्या एका वाक्याने तिला जेवढे बरे वाटले तेवढे आजवरच्या कुठल्या गोळीने वाटले नव्हते. दुर्दैवाने ते दुसऱ्या शहरात निघून गेले आणि त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी पहिल्यापासून सगळ्या तपासण्या पुन्हा लिहून दिल्या, "बाहेरच्या लॅबचे आम्ही धरत नाही" म्हणून.

जुने रिपोर्ट मिळवणे हा आणखी एक छळ आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. प्रत्यक्षात "रेकॉर्ड सेक्शनचे साहेब रजेवर आहेत" हेच ऐकावे लागते. सीटीची सीडी देतात आणि ती घेऊन गेले की डॉक्टरांच्या संगणकाला सीडी घालायला जागाच नसते.

आणि विमा. दोन दिवस दाखल करून घेऊन तपासण्या केल्या, तो दावा नामंजूर झाला, कारण ही भरती केवळ तपासणीसाठी होती, उपचारासाठी नव्हती. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाण अपवादांतच हे कलम आहे, चौथ्या क्रमांकावर, त्यामुळे भांडायलाही जागा नाही. निदान होऊन उपचार सुरू झाले असते तर तोच खर्च कदाचित उपचाराचा भाग म्हणून मान्य झाला असता. निदान झाले नाही म्हणून खर्च आमचा. म्हणजे ज्या घरात आजाराला नाव मिळत नाही, त्या घराने सर्वांत जास्त तपासण्या करायच्या, आणि त्याच घराला एक पैसाही मिळायचा नाही. वर्षाचा हप्ता मात्र विमा कंपनीने न चुकता, नॉर्मल रीतीने, कापून घेतला.

पुढच्या आठवड्यात एंडोस्कोपी पुन्हा आहे. या वेळी मी आधीच पत्र लिहून दिले आहे : किती तुकडे घेणार, कुठून घेणार, पित्ताची गोळी कधी बंद करायची आणि सोबत एकूण आयजीए मोजणार की नाही, याची लेखी उत्तरे द्यावीत. रिसेप्शनवर ते वाचून मला सांगण्यात आले की डॉक्टरांना असे लेखी विचारलेले आवडत नाही. मी त्या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोचीचा शिक्का मागितला, आणि तो मिळेपर्यंत खिडकीपुढून हललो नाही.