‘पोर्ट्रेट म्हणजे ८५च’ म्हणे!

सांगली-मिरजेच्या फोटोग्राफर मंडळींच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय: ‘पोर्ट्रेट म्हणजे ८५ एमएम, तीही १.४. पन्नासने नाक फुगतं. १.८ घेतली तर पैसे पाण्यात.’ (एमएम म्हणजे लेन्सची फोकल लेंथ: आकडा मोठा, तितकं दृश्य जवळ आणि अरुंद. १.४, १.८ म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडतं: आकडा लहान, तितकं तोंड मोठं आणि उजेड जास्त.)

आधी नाक. ते लेन्स फुगवत नाही, अंतर फुगवतं. ५० लावली की चौकट भरायला आपण पुढे सरकतो, पार दोन फुटांवर जातो, आणि मग कानापेक्षा नाक कॅमेऱ्याला फारच जवळ पडतं. पटत नसेल तर कुणाला तरी स्टुलावर बसवा, पाच फुटांवर ट्रायपॉड लावा, ५० आणि ८५ दोन्हींनी काढा. ५०चा फोटो क्रॉप करून ८५च्या फोटोशेजारी ठेवा. नाक तेवढंच!

‘८५च’ म्हणताना कॅमेरा कुठला, हे मेसेजमध्ये नाहीच. ही ख्याती फुलफ्रेमवरची, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा मोठा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावरची. निकॉन-सोनीच्या क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, तीच लेन्स साधारण १२८सारखी दिसते, कॅननवर १३६सारखी. माझा स्टुडिओ १२ बाय १५ फूट. मागच्या पडद्यावर सावली नको म्हणून माणूस चार फूट पुढे, म्हणजे उरले अकरा. क्रॉपवर ८५ने उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत बसवायला चोवीस-पंचवीस फूट लागतात. मी काय गणपती पेठेत रस्त्यावर उभा राहू? ५०लाही चौदा-पंधरा लागतात. म्हणून उभ्या फोटोला ३५, बसलेल्याला ५०. मोठा हॉल आणि फुलफ्रेम असेल तर ८५ जरूर घ्या, सुंदर लेन्स आहे.

१.४ आणि १.८मध्ये उजेडाचा फरक पाऊण स्टॉपहून कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, ४००ची ६४० केली की संपलं.

आणि १.४ उघडून काढायचं तरी किती? फुलफ्रेमवर ८५ने, पाच फुटांवर, स्पष्ट येणारी पट्टी जेमतेम अडीच सेंटिमीटर. एका नवरीचे फोटो मी असेच काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर झकास दिसले. घरी मोठे करून बघतो तर नथीचा मोती न् मोती लखलखीत आणि डोळे धुक्यात. चूक माझीच. तेव्हापासून चेहऱ्याला २.८च्या खाली जात नाही.

शिवाय लोक हौसेने आयर्विन पुलापाशी फोटो काढायला नेतात. १९२९चा तो दगडी पूल १.४ने मागे धुरकट करून टाकायचा, तर तिथवर गेलो कशाला? माझ्या पडद्यापुढेच बसवलं असतं की.