स्लीपर घालून निघाले रानात!

गोव्यातल्या काणकोणच्या बटरफ्लाय बीचला रानातून उतरायचंय आणि पायात काय, तर रबरी स्लीपर! अहो, शेवटचा उतार खडा आहे. वर वाळका पाला, खाली गोट्यांसारखे सुटे खडे. पाय टेकला की घसरलाच. मग धरायचं काय? काटेरी वेल! बूट घाला, आडवं पाऊल टाकत उतरा, दोघांत चार हात अंतर ठेवा. एवढं जड जातं? पाणी चौघांत एक बाटली. खाली शहाळेवाला बसवलाय का तुमच्यासाठी? भरतीची वेळ बघायची नाहीच. किनारा तो केवढासा, निम्मा बुडाला की बसा खडकांवर. आणि सूर्यास्त मात्र हवाच! डिसेंबरात सहाच्या सुमारास मावळतो तो. मग चढणार कशाच्या उजेडात? पाच टक्के बॅटरीच्या मोबाइलच्या?